हँड ब्लेंडर: कशात बुडवावा आणि कशात बुडवू नये

हँड ब्लेंडर नवा असताना माणूस तो दिसेल त्या पदार्थात बुडवून पाहतो आणि दोन-तीन महिन्यांनी तोच ब्लेंडर खणाच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन पडतो. सुरुवातीचा उत्साह आणि नंतरची निराशा या दोहोंच्या मुळाशी एकच गैरसमज असतो. तो असा, की हे यंत्र म्हणजे हातात धरायचा छोटा मिक्सर आहे. तसे ते नाही. मिक्सरची काही कामे त्याला कधीच जमणार नाहीत आणि त्याची काही कामे मिक्सरला नीट करता येत नाहीत. हा फरक नीट समजण्यासाठी ब्लेंडरच्या टोकाशी काय चालते, ते आधी पाहायला हवे.

दांड्याच्या टोकाला उपड्या वाटीसारखे एक कवच असते. त्याच्या आत एक लहानसे पाते मिनिटाला हजारो फेऱ्या घेते आणि कित्येक मॉडेलांत हा आकडा १०,०००च्या वर जातो. पाते फिरू लागले की भांड्यातला पदार्थ खालून कवचात ओढला जातो, तिथे कापला जातो आणि कवचाच्या बाजूंना असलेल्या खाचांतून बाहेर फेकला जातो. बाहेर फेकलेला पदार्थ भांड्यातून फिरून पुन्हा पात्याखाली आला, तरच पुढचे काम होते. मिक्सरच्या जारचा आकारच असा असतो की त्याच्या भिंती पदार्थाला पात्याकडे परत आणतात. इथे तशा भिंती नाहीत. पदार्थाला स्वतःच वाहत परत यावे लागते. म्हणून जे वाहते तेच हा ब्लेंडर वाटू शकतो आणि जे वाहत नाही त्यात तो फक्त एक खड्डा पाडतो. पुढे जे सांगायचे आहे, ते जवळजवळ सगळे या एका गोष्टीतून निघते.

या यंत्राचे पेटंट रॉजर पेरँजाके यांनी ६ मार्च १९५० रोजी स्वित्झर्लंडमध्ये घेतले आणि त्याला ‘बामिक्स’ असे नाव दिले. ‘घुसळतो आणि मिसळतो’ अशा अर्थाच्या दोन फ्रेंच क्रियापदांपासून हा शब्द जोडलेला आहे. नावात दळणे नाही, कुटणे नाही, मळणे नाही. निदान नावाने तरी कोणाची फसवणूक केलेली नाही.

पातेल्यातले सूप

हँड ब्लेंडरचे सर्वांत चोख काम म्हणजे शिजलेल्या भाज्यांचे किंवा डाळींचे सूप ज्या पातेल्यात शिजले त्यातच एकजीव करणे. गरम सूप मिक्सरच्या बंद जारमध्ये ओतून फिरवले, तर वाफ एकदम वाढते, झाकण उडते आणि हात भाजतो. उघड्या पातेल्यात वाफेला बाहेर पडायला वाट असते, त्यामुळे हा धोका राहत नाही. शिंतोड्यांचा धोका मात्र राहतो आणि तो टाळणे आपल्या हातात असते.

त्यासाठी पातेले आधी आचेवरून उतरवावे आणि उकळी पूर्णपणे बसू द्यावी. तमालपत्र, मसाल्याची काडी, हाड असे जे काढायचे असेल ते आठवणीने काढावे, कारण तमालपत्राचे तुकडे एकदा सूपभर झाले की गाळण्यावाचून उपाय उरत नाही. मग ब्लेंडर बंद असतानाच सुपात बुडवावा, त्याचे टोक तळाला टेकू द्यावे आणि त्यानंतरच बटण दाबावे. काम झाल्यावर आधी बटण सोडायचे, पाते थांबू द्यायचे आणि मग दांडा वर काढायचा. हा क्रम एकदा जरी उलटा झाला, तरी भिंतीवरचे डाग पुढे बरेच दिवस त्याची आठवण करून देतात.

कवचाच्या बाजूच्या खाचा पूर्ण बुडतील इतके सूप भांड्यात असायलाच हवे. खाचा अर्ध्या उघड्या राहिल्या की ब्लेंडर सुपाबरोबर हवाही ओढतो, आवाज बदलून घरघरीत होतो, सुपावर फेस येतो आणि रंग फिका पडतो. टोमॅटोच्या सुपात हे चटकन दिसते. गडद लाल रंग पाहता पाहता नारिंगीकडे झुकतो, कारण हवेचे असंख्य बारीक बुडबुडे त्यात अडकलेले असतात. सूप थोडेच असेल तर ते अरुंद भांड्यात काढून घ्यावे किंवा पातेले किंचित कलते करून एका बाजूला खोली तयार करावी. दुसऱ्या टोकाला, सूप कितीही खोल असले तरी दांडा आणि मोटरचा भाग जिथे जोडलेले असतात, तो सांधा बुडू देऊ नये.

दांडा पातेल्यात गरागरा फिरवत बसण्याचे कारण नाही. तळाशी किंचित तिरका धरून काही क्षण एका जागी थांबावे, बोटभर वर उचलावे, पुन्हा खाली न्यावे आणि मग शेजारच्या जागी सरकावे. दांडा अगदी सरळ धरून तळाशी दाबला, तर कवच तळाला चिकटून बसते आणि मोटर कण्हू लागते. किंचित तिरपा केला की पकड लगेच सुटते. नॉन-स्टिक पातेल्यात धातूच्या कवचाचा ब्लेंडर वापरू नये, कारण त्याच्या कडेने लेप खरवडला जातो. तिथे प्लॅस्टिकचे कवच बरे, पण ते फार तापलेल्या तेला-तुपात घालू नये.

सगळे सूप गुळगुळीत करायलाच हवे असेही नाही आणि मला तर या ब्लेंडरचा खरा फायदा अर्धवट वाटण्यातच दिसतो. घेवड्याच्या दाण्यांचे किंवा मसुराचे सूप पातळ वाटत असेल, तर पातेल्याच्या एका कोपऱ्यात चार-पाच वेळा बटण दाबून साधारण एक तृतीयांश भाग वाटावा आणि बाकीचे दाणे तसेच राहू द्यावेत. फुटलेल्या दाण्यांतला स्टार्च सुपात उतरतो, वेगळे पीठ न लावता सूप मिळून येते आणि खाताना दाताखाली दाणेही लागतात. हाच कोपरा मिक्सरने साधायचा तर सूप काढा, वाटा, परत ओता आणि दोन भांडी जास्तीची घासा.

गुठळ्या झालेला पांढरा सॉस किंवा कडेने किंचित फुटू लागलेले कस्टर्डही वेळेवर ब्लेंडर फिरवल्याने पुष्कळदा सावरते. पूर्ण नासून पाणी आणि चोथा वेगळा झालेल्या पदार्थाला मात्र तो पूर्ववत करू शकत नाही. तो गोळे बारीक करतो, पण जिभेला रवाळपणा जाणवत राहतो.

गुळगुळीतपणालाही एक मर्यादा आहे. ताकदवान मिक्सरमधून निघणारे सूप रेशमासारखे असते आणि हँड ब्लेंडरचे सूप चांगले असले, तरी त्यात बारीक कण राहतात. टोमॅटोची साल, बिया, वाटाण्याची टरफले यांचे तुकडे होतात, पण ती नाहीशी होत नाहीत. पाहुण्यांसाठी अगदी तलम सूप हवे असेल, तर शेवटी बारीक गाळणीतून पळीने दाबत गाळून घ्यावे. त्याला दोन-तीन मिनिटे लागतात, पण फरक पहिल्या घोटातच कळतो.

बरणीतले मेयोनीज

जे काम हाताने केल्यास दमवते आणि मोठ्या मिक्सरमध्ये थोड्या प्रमाणात होतच नाही, ते हा ब्लेंडर अर्ध्या मिनिटात करतो. मेयोनीज हाताने करायचे म्हणजे अंड्याच्या बलकात तेल थेंबाथेंबाने सोडत सतत घुसळावे लागते आणि घाई झाली की ते फुटते. ब्लेंडरच्या पद्धतीत सगळे साहित्य एकदमच बरणीत घालतात. ते का जमते, हे पाहण्यासारखे आहे.

यासाठी बरणी अशी हवी की ब्लेंडरचे कवच तिच्या तळाशी जेमतेम बसेल आणि आजूबाजूला फारशी जागा उरणार नाही. बरणी रुंद असली तर हा सगळा खटाटोप वाया जातो. घरातल्याच तापमानाचे एक अख्खे अंडे बलक न फोडता बरणीत सोडावे. त्यावर एक मोठा चमचा लिंबाचा रस, एक लहान चमचा मोहरीची तयार पेस्ट आणि चिमूटभर मीठ घालावे. वरून साधारण २०० मिलिलिटर सौम्य चवीचे तेल ओतावे. तेल हलके असल्याने मिनिटभरात वर स्थिरावते आणि अंडे तळाशी राहते. आता ब्लेंडर हलक्या हाताने खाली नेऊन त्याचे कवच बरोबर बलकावर झाकणासारखे ठेवावे आणि बटण दाबावे. हात अजिबात हलवू नये. दोन-तीन सेकंदांत कवचाच्या खाचांतून पांढरट, दाट धागे बाहेर पडू लागतात आणि पारदर्शक तेलाच्या तळाशी ढग दाटून यावे तसा पांढरा थर वर चढू लागतो. दहा-पंधरा सेकंद तसेच धरून ठेवावे. खालचा भाग घट्ट झाला की ब्लेंडर अगदी सावकाश वर उचलत न्यावा, म्हणजे वरचे उरलेले तेल थोडे थोडे करून आत ओढले जाते.

थेंबाथेंबाने तेल सोडण्याचे काम इथे बरणीचा अरुंदपणा आणि पात्याची ओढ मिळून करतात. बलकात लेसिथिन नावाचा घटक असतो. तो तेलाच्या बारीक थेंबांभोवती वेढा घालतो आणि त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. पाते ते थेंब हाताच्या घुसळण्यापेक्षा खूपच बारीक करते, म्हणून हे मेयोनीज घट्टही होते आणि टिकूनही राहते. पहिल्या दोन सेकंदांतच ब्लेंडर वर उचलला तर तेलाचा लोंढा एकदम आत येतो आणि सगळे पातळच राहते. तसे झाले तर टाकून देऊ नये. दुसऱ्या स्वच्छ बरणीत एक नवा बलक घालावा, फुटलेले मिश्रण त्यावर ओतावे आणि तीच कृती पुन्हा करावी.

दोन सूचना इथेच द्यायला हव्यात. ऑलिव्हचे पहिल्या दाबाचे कडक चवीचे तेल इतक्या वेगाने घुसळले की ते कडवट लागू शकते, त्यामुळे ते हवेच असेल तर थोडेसे शेवटी चमच्याने मिसळावे. शिवाय या मेयोनीजमध्ये अंडे कच्चे असते. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजारी माणसे यांच्यासाठी पाश्चराइज केलेली अंडीच वापरावीत आणि तयार मेयोनीज फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावे.

सॅलडवरचे तेल-व्हिनेगरचे ड्रेसिंग, वितळलेल्या गरम लोण्याचे हॉलंडेज सॉस, मऊ फळे आणि दही किंवा दूध एकत्र करून केलेले पेय हे सारे याच उंच भांड्यात, याच रीतीने उत्तम होते. फळे मात्र मऊ हवीत. दगडासारखी गोठलेली फळे पात्याखाली येण्याऐवजी टोलवली जातात, म्हणून ती आधी पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवावीत आणि द्रवपदार्थ नेहमी भांड्यात तळाशी घालावा.

पाते, जाळीदार घुसळणी आणि लहान वाटी

पुष्कळ ब्लेंडरांबरोबर तारांची घुसळणी आणि झाकणाची लहान वाटी मिळते. या दोन्ही गोष्टींमुळे यंत्राची कामे बदलतात, म्हणून त्यांचा विचार वेगळा करायला हवा. साधे पाते कापते, पण हवा भरण्यात ते कच्चे असते. अंड्याचा पांढरा भाग त्याने फेसाळतो, पण टोके उभी राहतील इतका घट्ट फेस त्याने होत नाही. त्यासाठी घुसळणीच हवी. भांडे कोरडे आणि तेलकटपणा नसलेले हवे आणि बलकाचा थेंबही आत पडता कामा नये, कारण स्निग्धांश आला की फेस बसतो.

क्रीम घुसळायचे तर त्यात निदान ३० टक्के स्निग्धांश असावा आणि क्रीम, भांडे व घुसळणी ही तिन्ही थंड असावीत. इथे वेगाचा मोह टाळलेला बरा. क्रीम घट्ट होऊ लागले की त्यानंतरचा प्रवास फार झपाट्याने होतो आणि क्षणभर लक्ष विचलित झाले तर दाणे दिसू लागतात. ते लोणी होय आणि तिथून मागे फिरता येत नाही.

लहान वाटीत स्वतःचे वेगळे पाते असते आणि तिला भिंतीही असतात, म्हणून वर सांगितलेला वाहण्याचा नियम तिला तितकासा लागू होत नाही. कांदा, लसूण, कोथिंबीर, सुकामेवा, चीज तिच्यात बारीक होते. बटण दाबायचे, सोडायचे, वाटी हलवायची, पुन्हा दाबायचे, अशा थांबत थांबत पद्धतीने काम घ्यावे. सलग दाबून धरले तर कांद्याचे तुकडे न होता त्याचा पाणचट लगदा होतो. बर्फ आणि कॉफीच्या बिया या वाटीत घालायच्या की नाही, हे माहितीपुस्तिकेत पाहूनच ठरवावे. त्यात तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर घालू नयेत.

जिथे हा ब्लेंडर हात टेकतो

बटाट्याचा विषय आधी घेतो, कारण त्यात माझे स्वतःचे हात पोळले आहेत. उकडलेल्या बटाट्यांचा लगदा नेहमीच्या कुस्करणीने करण्यापेक्षा ब्लेंडरने पटकन होईल, असे वाटून मी एकदा पातेल्यात दूध-लोणी घालून ब्लेंडर फिरवला. अर्ध्या मिनिटात पातेल्यात जे तयार झाले, ते चमच्याने उचलले तर चमच्याबरोबर लांब ताणले जात होते आणि त्याला वॉलपेपर चिकटवायच्या खळीसारखी चमक आली होती. जास्त दूध घालूनही ते सुधारले नाही. शिजलेल्या बटाट्याच्या पेशी स्टार्चने फुगलेल्या असतात. कुस्करताना त्या एकमेकींपासून सुट्या होतात, पण बऱ्याचशा शाबूत राहतात. वेगवान पाते त्या फाडून टाकते, आतला स्टार्च बाहेर पडून सगळ्याची खळ होते. बटाट्याला कुस्करणी किंवा चाळणीच हवी. बटाटा घातलेले सूपही याच कारणाने थोडक्यात वाटून थांबावे.

केक किंवा पॅनकेकच्या सरबरीत पिठाचीही तऱ्हा अशीच आहे. गव्हाचे पीठ ओले करून जोरात फिरवले की त्यातले ग्लुटेन ताणले जाते आणि भाजलेला पदार्थ चिवट होतो. अंडी, दूध, साखर यांचे मिश्रण ब्लेंडरने करायला हरकत नाही, पण पीठ त्यात चमच्यानेच मिसळावे. मळायचे पीठ तर मुळातच वाहत नाही, तेव्हा त्याचा प्रश्न येत नाही.

कोरडे मसाले, धान्ये, डाळी, साखर यांना उघडे पाते नुसते उडवते. शेंगदाण्यांचे किंवा बदामांचे लोणी करायला लागतो तो दीर्घ, जड दाब आणि त्यात ही मोटर तापून जाते. कच्चे गाजर, बीट, भोपळा यांचे तुकडे टणक असतात, ते पात्यात अडकून बसतात. ते शिजवून घेतले की तेच काम मिनिटाचे होते. कच्चे मांस वाटण्याचा प्रयत्न केला तर त्याचे तंतू दांड्याभोवती गुंडाळले जातात. सेलरी आणि शतावरीच्या कोंबांचे धागेही तसेच करतात, म्हणून ते आडवे, बारीक चिरूनच शिजवावेत. बर्फ फोडण्यासाठी काही मॉडेलांत खास मजबूत पाती असतात. ती नसतील तर बर्फाने पात्याची धार आणि प्लॅस्टिकचे कवच दोन्ही जातात.

मोटर किती वेळ सलग चालवावी, याचा आकडा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो आणि बहुतेक लोक तो वाचत नाहीत. पुष्कळ घरगुती ब्लेंडरांत तो एक मिनिटाच्या आसपास असतो आणि दाट पदार्थासाठी त्याहून कमी. ही मोटर हातात मावेल इतकी लहान असल्याने तिला थंड व्हायला फारशी जागा नसते. मुठीला ऊब जाणवू लागली, आवाज खाली बसला किंवा जळका वास आला, तर ताबडतोब थांबावे आणि मोटर पूर्ण निवू द्यावी. वॅटचा आकडा मोठा असला म्हणजे सूप तलम होईलच असे नाही. दाट पदार्थात पाते अडखळू न देण्यापुरता त्याचा उपयोग होतो. पात्याचा आणि कवचाचा आकारही तितकाच महत्त्वाचा असतो.

बोटे आणि सफाई

या यंत्राने होणाऱ्या दुखापतींपैकी सर्वांत वाईट दुखापत वापरताना होत नाही. ती होते मधेच थांबून पात्यात अडकलेला तुकडा बोटाने काढताना. एक हात दांड्यावर, अंगठा बटणाजवळ आणि दुसऱ्या हाताची बोटे कवचात, अशा अवस्थेत बटण चुकून दाबले जायला क्षणही लागत नाही. म्हणून प्लग काढल्याशिवाय कवचाजवळ बोट न्यायचे नाही, हा नियम मोडू नये. बिनवायरच्या ब्लेंडरात प्लगच नसतो, त्यामुळे तिथे दांडा मोटरपासून सोडवून मगच तो साफ करावा. तुकडा काढायलाही बोट वापरू नये, लाकडी काडी किंवा चमच्याचे टोक वापरावे.

सफाई सोपी आहे, फक्त ती लगेच करायला हवी. उंच भांड्यात कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा थेंब घालून त्यात ब्लेंडर पाच-दहा सेकंद चालवावा, मग स्वच्छ पाण्यात तसेच करावे. त्यानंतर प्लग काढून, दांडा वेगळा करून बाहेरून धुवावा. मोटरचा भाग फक्त ओल्या फडक्याने पुसायचा. सुट्या होणाऱ्या दांड्याच्या वरच्या तोंडातही पाणी शिरू देऊ नये, कारण तिथल्या बेअरिंगमधले वंगण पाण्याने निघून जाते. तो भांडी धुण्याच्या यंत्रात चालतो की नाही, हे पुस्तिकेत पाहावे. टोमॅटोने प्लॅस्टिकचे कवच लाल झाले असेल, तर त्यावर आधी थोडे खाद्यतेल चोळावे आणि मग साबणाने धुवावे. तो रंग तेलात विरघळणारा असल्याने बराचसा निघतो.

घरी साबण बनवणारे लोक तेल आणि कॉस्टिक सोड्याचे मिश्रण घट्ट करायला हेच यंत्र वापरतात आणि तासाभराचे ढवळणे त्याने काही मिनिटांवर येते. मात्र त्या कामाला लावलेला ब्लेंडर पुन्हा सुपात घालायचा नाही. त्यासाठी वेगळाच ठेवावा.

धुतलेला दांडा आडवा न टाकता उभा ठेवून वाळू द्यावा आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच मोटरला जोडावा. काही वर्षे वापरलेला ब्लेंडर अधूनमधून साध्या कोमट पाण्यात चालवून पाहावा. पाण्यावर करडे, तेलकट ठिपके तरंगू लागले, तर दांड्याच्या खालच्या टोकाचे सील झिजले आहे आणि आतले वंगण बाहेर येत आहे, असे समजावे. दांडा बदलून मिळत असेल तर तो बदलावा आणि मिळत नसेल, तर तो ब्लेंडर अन्नात पुन्हा बुडवू नये.